वाढवलेल्या आवाजाचा हिशेब

खापा हे गाव एकेकाळी आवाजावरून ओळखू येत असे. सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठच्या या जुन्या विणकरी गावात कोष्ट्यांच्या आळीतून सकाळी जावे, तर घराघरांतून हातमागाची खटखट कानी पडे. धोटा या टोकाहून त्या टोकाला जाई, फणी ठोका देई आणि त्या ठोक्यावर घरातील माणसांचे बोलणे सहज चालू राही. हातमागाचे ते दिवस सरत गेले. आज संध्याकाळी कानी पडणारा आवाज वेगळा असतो. गाडी अजून वळणापलीकडे असते, गाणे कोणते ते कळत नाही, परंतु फळीवरची भांडी थरथरू लागतात आणि गाडी येत असल्याची वर्दी मिळते.

अशीच एक गाडी माझ्या भाच्याची आहे. गेल्या वर्षी त्याने ती जुन्या बाजारात घेतली आणि कारखान्यातून बसवून आलेल्या स्टीरिओला नागपुरातून एक वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडून आणला. गाडी दाखवावयास तो आमच्याकडे आला, तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसले होते. तरुणपणी हातमाग सोडून त्यांनी वीस-पंचवीस वर्षे यंत्रमागाच्या शेडमध्ये काढली. त्यांना हल्ली कमी ऐकू येते, हे ठाऊक असल्याने भाच्याने मोठ्या मायेने त्यांना गाडीत बसवले, जुने गाणे लावले, आवाज वाढवला आणि विचारले, ‘‘आजोबा, आता तरी ऐकू येतं ना?’’ म्हातारा हसला आणि म्हणाला, ‘‘आवाज तं येते बाबू, पण बोल काही समजत नाही.’’

या एका वाक्यात ध्वनिशास्त्राचा एक मोठा धडा दडलेला आहे. आवाज आणि ऐकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली वाढवण्याच्या नादात दुसरी कमी होऊ शकते. याचा हिशेब मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तरुण पिढीच्या नावाने बोटे मोडण्याचा हेतू मात्र नाही. किंबहुना त्या पिढीची बाजू आधी ऐकून घेणे न्यायाचे होईल.

बारा व्होल्टची मर्यादा

मोटारीत संगीत असावे ही हौस नवी नाही. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. आपल्याकडे १९४८ साली नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा घरात रेडिओ असणे हीच प्रतिष्ठेची खूण होती. पुढे अँबॅसिडर आणि फियाट यांच्या काळात गाडीत रेडिओ ही चैन समजली जाई, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीत परवाना-शुल्क भरावे लागे. मग कॅसेट आली, तबकडी आली, आणि आता कारखान्यातूनच गाडी पडद्यासह बाहेर पडते. त्या पडद्यावर मागचा कॅमेरा दिसतो, सुकाणूवरच्या बटणांनी त्याला हुकूम देता येतो. त्यामुळे जुन्या काळाप्रमाणे संच काढून टाकून दुसरा बसवणे अवघड झाले. मूळ संच तसाच ठेवून त्याच्या मागे अ‍ॅम्प्लिफायर जोडणे हा मार्ग त्यातून निघाला.

मुळात त्याची गरज का भासावी? उत्तर साध्या अंकगणितात आहे. गाडी चालू असताना विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो, आणि गाडीतील स्पीकरचा विद्युतरोध बहुधा ४ ओहम. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. त्याला ४ ने भागले की ५२ येतात. संचाच्या खोक्यावर ‘५० वॉट’ असे जे ठळक अक्षरांत छापलेले असते, ते या भागाकारातून आलेले असते. परंतु हा आकडा लहरीचा माथा पार सपाट होऊन ती चौकोनी झाली, म्हणजे गाण्याचा पूर्ण विध्वंस झाला, तरच गाठता येतो. शुद्ध, गोलाईदार लहरीसाठी त्याचे निम्मे, म्हणजे २६ वॉट. आणि संचातील चकतीवजा चिपमध्ये होणारी घट वजा केली की हाती उरतात अवघे अठरा-वीस वॉट. शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल असा हा हिशेब ग्राहक करत नाही, आणि विकणाऱ्याला तो करून दाखवण्याचे कारण नसते.

ही वीस वॉटची मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न केला, की आवाजाच्या लहरीचे शेंडे छाटले जातात. गायकाचा चढा स्वर फाटतो, तबल्याची थाप चेपटी होते, आणि अशा छाटलेल्या लहरीने स्पीकरमधील नाजूक तारही जळू शकते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर या ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो. त्याच्या पोटात विजेचा दाब वाढवणारी स्वतंत्र व्यवस्था असते. ती बारा व्होल्टचे पंचवीस-तीस व्होल्ट करते, आणि मग लहरीला डोके वर काढावयास जागा मिळते. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने लहान गाडी धावत असताना आत टायरांची आणि वाऱ्याची घरघर पासष्ट-सत्तर डेसिबलच्या घरात असते, आणि ती प्रामुख्याने खालच्या पट्टीतील असल्याने गाण्याचा खर्ज नेमका तीत बुडतो. तेव्हा खर्जाला थोडे बळ द्यावे असे एखाद्या रसिकाला वाटले, तर त्याला उथळ म्हणता येणार नाही.

दुप्पट वॉट, किंचित आवाज

गोंधळ सुरू होतो तो यानंतर. वीस वॉटने एवढे मिळाले, तर दोनशे वॉटने दसपट मिळेल, अशी ग्राहकाची समजूत असते. कानाचा हिशेब तसा चालत नाही. आवाज मोजण्याचे डेसिबल हे माप लॉगरिदमवर बेतलेले आहे. वॉट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जाणवतो, इतकेच. कानाला आवाज दुप्पट भासावयाचा असेल, तर सुमारे १० डेसिबल वाढवावे लागतात आणि त्यासाठी वॉट दसपट करावे लागतात. सर्वसाधारण स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर सुमारे ९० डेसिबल आवाज देतो. म्हणजे दहा वॉटला १०० आणि कारखान्याच्या वीस वॉटला १०३ डेसिबल! कानाला इजा करण्यास एवढे पुरेसे आहेत. याचा अर्थ असा, की निव्वळ मोठ्या आवाजासाठी अ‍ॅम्प्लिफायर घेण्याची कोणालाच गरज नाही. तो घ्यावयाचा तर स्वच्छतेसाठी घ्यावा, आणि स्वच्छतेसाठी घेतलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा कान पिळून ठेवण्याचे काही कारण उरत नाही.

खर्चाचा क्रमही यावरून ठरतो. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी किंवा रबरी थर लावला, की पत्र्याची थरथर थांबते आणि रस्त्याचा गोंगाटही कमी होतो. घरघर ३ डेसिबलने कमी झाली, तर तिच्या तुलनेत गाणे जेवढे वर येते, तेवढे ते वॉट दुप्पट करून येत असते. त्यानंतर स्पीकर बदलावेत आणि सर्वांत शेवटी एक बेताचा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो, कारण दाराच्या आत लावलेला थर मित्रांना दाखवता येत नाही.

एका फ्यूजची किंमत

जोडणीच्या कामातही हीच कथा आहे. दोष दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे धरले जाते. पाचशे वॉटचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण भारावर बॅटरीकडून साठ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. लहान गाडीचा अल्टरनेटर साधारणतः सत्तर ते नव्वद अँपिअरचा असतो, आणि त्यावर दिवे, पंखा व इंजिन यांचाही हक्क असतो. हा प्रवाह वाहून नेणारी तार बॅटरीपासून इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकातून आत आणावी लागते. त्या भोकाला रबरी कडे नसेल, तर रोजच्या हादऱ्यांनी तारेचे वेष्टण घासत जाते, आणि एके दिवशी उघडे तांबे पत्र्याला टेकते. गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीचे दुसरे टोक. अशा वेळी बॅटरी शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडू शकते. तार लाल होते आणि आसनाखालचा गालिचा पेटतो. हे टाळण्यासाठी बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावर एक फ्यूज लागतो. तो काही थोड्या रुपयांना मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगावर फ्यूज असतोच, मग हा दुसरा कशाला, असे जोडणारा विचारतो. अ‍ॅम्प्लिफायरवरील फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरला वाचवतो; बॅटरीजवळचा फ्यूज तारेला, आणि म्हणून गाडीतील माणसांना वाचवतो.

माझ्या भाच्याच्या गाडीत हा दुसरा फ्यूज नव्हता. तारही तांब्याची नव्हती. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार त्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच प्रवाहक्षम असते; वरून पाहणाऱ्याला मात्र ती तितकीच जाड आणि तितकीच तांबूस दिसते. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी गाडीत करपल्याचा वास आला. सुदैवाने त्याने गाडी थांबवून बॅटरीची तार सोडवली. वेष्टण वितळून पत्र्याला चिकटले होते. ज्याने ही जोडणी केली, तो मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, हाताने चपळ आणि स्वभावाने प्रामाणिक होता. त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री तयार होतात, मोटार मेकॅनिक तयार होतात. परंतु या दोन विद्यांच्या सीमेवरचे हे काम हजारो गाड्यांत होत असूनही ते दुकानातील उमेदवारीवर सोडलेले आहे. कारखान्याने नेमलेली तार कापून जोडणी केल्यावर वॉरंटीचा वाद उभा राहतो, तेव्हाही मधल्या मध्ये सापडतो तो गाडीचा मालकच.

गेलेले व्यंजन

आता त्या वृद्ध विणकराच्या वाक्याकडे पुन्हा येऊ. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. अशा आवाजात वर्षे काढलेल्या माणसाच्या अंतःकर्णातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी मरत जातात, आणि माणसाच्या बाबतीत त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात त्या ४,००० हर्ट्झच्या आसपासचा स्वर टिपणाऱ्या पेशी. भाषेच्या दृष्टीने ही हानी मोठी विचित्र असते. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात, ती पुसली जातात. बोलणे ऐकू येते, पण ‘सात’ की ‘हात’, ‘ताप’ की ‘पाप’ हे कळत नाही. अशा माणसाजवळ कितीही मोठ्याने बोलले, तरी मोठा होतो तो स्वर. हरवलेले व्यंजन परत येत नाही. ‘आवाज येते, बोल समजत नाही’ ही तक्रार वैद्यकाच्या पुस्तकात जशी लिहिलेली असते, जवळजवळ तशीच त्या म्हाताऱ्याने ओट्यावर बसून सांगितली होती.

कारखान्यातील अशा बहिरेपणाला आपल्या कायद्याने रोग मानले. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या, दखल घ्यावयाच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत गोंगाटामुळे येणाऱ्या श्रवणहानीला स्थान मिळाले, आणि आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा नियमावलीत आली. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्याहून कडक आहे. तिच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मनोरंजनासाठी ऐकावयाची सुरक्षित सीमा आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल अशी आहे. खाप्याहून नागपूरला गाडीने जावयास सुमारे एक तास लागतो. ९४ डेसिबलवर गाणी लावून ही वाट पार केली, तर कानाची दिवसभराची शिधा नागपूरच्या वेशीवरच संपते. परतीचा प्रवास उधारीवर होतो, आणि या उधारीची वसुली वीस वर्षांनी होते.

ज्या गोंगाटापासून संरक्षण मिळावे म्हणून कामगारांना कायदा मागावा लागला, तोच गोंगाट त्यांची नातवंडे पदरचे पैसे मोजून, बंद काचांच्या पेटीत, स्वखुशीने घेत आहेत. आजोबांपाशी पोटाचा प्रश्न तरी होता!

भिंतीपलीकडचा श्रोता

‘गाडी माझी, कान माझे’ असा युक्तिवाद यावर केला जातो. स्वतःच्या कानापुरता तो क्षणभर मान्य केला, तरी खर्जाचे वागणे त्याला साथ देत नाही. ४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटर लांब असते. गाडीचा पत्रा, घराची भिंत, खिडकीची काच यांना ती फारशी जुमानत नाही. वरचे स्वर मात्र वाटेतच अडतात. त्यामुळे आत बसलेल्याला गाणे मिळते, आणि घरातल्या आजाऱ्याला, अभ्यासाला बसलेल्या मुलाला, तान्ह्या बाळाला मिळतात केवळ धक्के. गाणे आवडो वा न आवडो, ते निदान गाणे तरी असते. शेजाऱ्याच्या वाट्याला तेही येत नाही.

कायदा याविषयी मुका नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम जारी केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल अशी पातळी त्यांत ठरवली आहे. इस्पितळे, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची सीमा आहे. खासगी मालकीच्या ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही हे नियम सांगतात. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटासंबंधीच्या आपल्या निकालात हा प्रश्न जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, परंतु ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करण्याचा हक्क कोणालाही नाही, हे त्या निकालाचे सार आहे. वर्षे लोटली, निकाल ग्रंथालयांत आहे आणि भांडी फळीवर थरथरत आहेत. कारण उघड आहे. आवाज मोजणारे यंत्र घेऊन पोलीस येईतो गाडी पुढच्या गावी पोहोचलेली असते, आणि शेजाऱ्याच्या मुलाविरुद्ध तक्रार लिहून देण्यास लहान गावात कोणाचा हात धजावत नाही.

म्हणून केवळ कायद्यावर विसंबून भागणार नाही. शिक्षकांच्या हाती एक सोपा उपाय आहे. आजच्या मोबाइल फोनवर आवाज मोजण्याची सोय सहज मिळते. तिचा आकडा अगदी अचूक नसला, तरी वर्गासाठी पुरेसा आहे. विज्ञानाच्या तासाला मुलांनी वर्गातील, रस्त्यावरील, मिरवणुकीतील आणि घरच्या गाडीतील आवाज मोजून तक्ता करावा, आणि त्यापुढे सुरक्षित वेळ लिहावी. लॉगरिदम कशासाठी शिकावयाचे, या प्रश्नाचेही उत्तर त्यांना त्या तक्त्यात मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गाडीतील ध्वनियंत्रणेच्या जोडणीचा आठवड्या-पंधरवड्याचा अभ्यासक्रम चालवण्यास फार मोठा खर्च येणार नाही. आणि ग्राहकाने दुकानात ‘किती वॉट?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘फ्यूज कुठे बसवणार आणि तार कशाची?’ हे दोन प्रश्न विचारावेत.

माझ्या भाच्याने अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकलेला नाही. मीही तसा आग्रह धरला नाही. त्याने तार बदलली, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, दारांना आतून थर लावला आणि गेनचे बटण निम्म्यावर आणले. परवा तो पुन्हा आला. म्हातारबाबा गाडीत बसले, तेव्हा त्याने खर्ज अगदी कमी केला, काचा वर घेतल्या आणि गायकाचा आवाज तेवढा पुढे आणला. म्हातारबाबांनी डोळे मिटून घेतले. गाणे संपल्यावर ते म्हणाले, ‘‘अर्धं समजलं.’’ उरलेले अर्धे कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला आता परत आणता येणार नाही. भाच्याचे मात्र अजून सगळे शाबूत आहे.